नाट्यपदाची तबकडी, पेटीचा न हललेला भाता आणि कॉपीराइटच्या दोन तक्रारी

तबकडीवाला_मिरज (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षे मी जुन्या नाट्यसंगीतावर आणि मराठी चित्रपटांतल्या संगीतावर बोलणारी एक छोटी व्हिडिओ-वाहिनी चालवतो. प्रेक्षक चार हजारांच्या घरात आहेत आणि जाहिरातींचे उत्पन्न एवढेच, की महिन्याचे इंटरनेटचे बिल जेमतेम भागते. मागच्या पंधरवड्यात माझ्या दोन व्हिडिओंवर कॉपीराइटच्या तक्रारी आल्या आणि दोन्ही वेळा माझे नेमके काय चुकले हे मला अजून समजलेले नाही.

पहिला व्हिडिओ ‘मानापमाना’तल्या एका पदावरचा होता. आमच्या आजोबांच्या पेटाऱ्यात त्या पदाची बालगंधर्वांच्या आवाजातली, स्वातंत्र्यापूर्वीची तबकडी आहे. घरच्याच चावीच्या ग्रामोफोनवर ती लावून, समोर मोबाइल ठेवून मी तिचे ध्वनिमुद्रण केले. सुईची खरखर तर आहेच, शिवाय एके ठिकाणी गल्लीतल्या रिक्षाचा हॉर्नही ऐकू येतो. तान कुठून उचलली आणि समेवर कशी आणून सोडली, हे थांबून थांबून समजावण्यासाठी मी ती तबकडी तुकड्यातुकड्यांनी वाजवली. व्हिडिओ चढवून अर्धा तासही झाला नसेल, तोच ज्या संकेतस्थळावर माझी वाहिनी आहे त्या मंचाच्या यंत्रणेने हा आवाज एका संगीत-कंपनीच्या मालकीचा असल्याचे कळवले आणि त्या व्हिडिओची कमाई, जी काय पाच-पंचवीस रुपये असेल ती, त्या कंपनीकडे वळवली.

दुसरा व्हिडिओ एका नव्या मराठी चित्रपटाचे परीक्षण होता. चित्रपट एका संगीत-नटाच्या आयुष्यावर आहे. त्यातल्या महत्त्वाच्या मैफलीच्या प्रसंगात नायक पेटी वाजवतो, उजवा हात पट्ट्यांवर व्यवस्थित फिरतो, पण डावा हात भात्यावर नुसता ठेवलेला आहे. भाता शेवटपर्यंत हलत नाही आणि सूर मात्र अखंड चालू राहतात. हा प्रसंग निर्मात्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या ट्रेलरमध्ये होता, तिथूनच मी तो घेतला. बावीस मिनिटांच्या परीक्षणात असे एकूण सात तुकडे आहेत, सर्वांत मोठा नऊ सेकंदांचा, आणि सगळे मिळून एक्कावन्न सेकंद. परीक्षण प्रतिकूल होते, हे मी नाकारत नाही. चौथ्या दिवशी व्हिडिओ उतरवला गेला, वाहिनीवर स्ट्राइक पडला आणि निर्मात्यांच्या वतीने एका संस्थेचा ईमेल आला की परवाना शुल्क भरा, म्हणजे तक्रार मागे घेऊ. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक पडले की वाहिनी बंद, हा मंचाचा नियम आहे. त्याच ट्रेलरचे तुकडे वापरून चित्रपटाची तोंड भरून स्तुती करणारे निदान पाच व्हिडिओ आजही जागेवर आहेत.

माझा प्रश्न असा, की घटनेने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य अशा वेळी काही कामाचे आहे का, की परीक्षण लिहावे पण दाखवू नये, असाच आपला कायदा आहे?

दावा_दरखास्त

नमस्कार. मी पुण्यात वकिली करते आणि माझ्याकडची निम्मी कामे कॉपीराइटची असतात. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हा सल्ला न समजता कायद्याची ओळख समजावी. आधी एक गाठ सोडवू. तुमच्या पहिल्या व्हिडिओवर आहे तो ‘क्लेम’ आणि दुसऱ्यावर आहे तो ‘स्ट्राइक’, आणि ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. क्लेम यंत्राने केलेल्या जुळणीतून येतो व त्याने वाहिनीच्या जिवाला धोका नसतो. स्ट्राइक मात्र कुणीतरी नावानिशी केलेल्या तक्रारीतून येतो.

तबकडीचे पाहू. एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळे हक्क एकावर एक रचलेले असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे. (ही मुदत पूर्वी ५० वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली.) ‘मानापमाना’चे नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणून त्यांचे शब्द २००९ पासून मोकळे झाले. ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणून चाली २०१६ पासून मोकळ्या आहेत. स्वातंत्र्यापूर्वीच्या तबकडीचा हक्क तर केव्हाच संपला. खरखर काढून तीच तबकडी कुणी नव्याने बाजारात आणली असेल, तर त्याने फार तर आपल्या त्या नव्या प्रतीबद्दल काही म्हणावे, मूळ तबकडीचा संपलेला हक्क त्यामुळे परत जिवंत होत नाही. तुम्ही वाजवलीत ती तुमच्या आजोबांची तबकडी, आणि रिक्षाचा हॉर्न हा त्याचा पुरावाच आहे. यंत्राला गायकी ऐकू येते, पेटारा कुणाच्या घरातला हे त्याला दिसत नाही. हा क्लेम निःशंकपणे नाकारा.

स्ट्राइकचे प्रकरण गंभीर आहे आणि तुमचा घटनेबद्दलचा प्रश्न खरा तिथेच लागू पडतो. घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधने घालण्याची कारणे मोजून दिलेली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. या यादीत कॉपीराइट कुठेही नाही. तरीही कॉपीराइटचा कायदा टिकतो, कारण त्याने स्वतःमध्येच बोलण्यासाठी दोन खिडक्या ठेवलेल्या आहेत. कल्पनेवर कुणाचीच मालकी नसते, ती फक्त मांडणीवर असते, ही पहिली. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये ती स्पष्ट केली. दुसरी खिडकी म्हणजे कलम ५२, ज्यात कुठला वापर हक्कभंग ठरत नाही याची यादी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वायली ईस्टर्न खटल्यात म्हटले होते की संशोधन, समीक्षा आणि वार्तांकन यांना संरक्षण मिळावे म्हणून, म्हणजेच अनुच्छेद १९(१) च्या स्वातंत्र्यासाठीच, हे कलम आहे.

कलम ५२ च्या पहिल्याच खंडात ‘त्या कृतीची किंवा अन्य कुठल्याही कृतीची टीका वा समीक्षा’ यासाठी केलेला उचित वापर येतो. इथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१२ पूर्वी ही सवलत फक्त साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींना होती, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण तिच्यात नव्हते. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावली सोडून सर्व कृती आत घेतल्या. तेव्हा चित्रपटाचा तुकडा दाखवून त्याच चित्रपटावर टीका करणे आज कायद्याच्या शब्दांत बसते. ‘उचित’ किती याचे सेकंदांत माप मात्र नाही. तीस सेकंदांपर्यंत चालते, ही निव्वळ दंतकथा आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये थोप्पिल भासी यांच्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या: टीकेच्या मानाने किती आणि काय घेतले, कशासाठी घेतले, आणि मूळ कृतीच्या बाजाराशी त्याची स्पर्धा होते का. तुमच्या एक्कावन्न सेकंदांमुळे कुणी तिकीट काढायचे थांबले असेल, तर ते तुमच्या मताने थांबले असेल. चित्रपट फुकटात पाहायला मिळाला म्हणून नव्हे. कायदा या दोन नुकसानांत फरक करतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुमच्या परीक्षणाने बदनामी झाली असे निर्मात्यांचे म्हणणे असते, तर त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले असते, कारण श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्याशिवाय मजकूर न काढल्याबद्दल मंचाला जबाबदार धरता येणार नाही. कॉपीराइटला मात्र ही पायरी नाही. मायस्पेस खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये सांगितले की कॉपीराइटच्या बाबतीत हक्कधारकाने नेमकी कृती दाखवून नोटीस दिली, की तेवढ्याने मंचाला ‘माहिती’ झाली. परिणाम असा, की एखाद्याचे बोलणे थांबवायचे असेल तर आजच्या घडीला सर्वांत स्वस्त कागद कॉपीराइटचा आहे. ना मुद्रांक, ना शपथपत्र, ना तारीख. मला या कायद्यात खटकते ते एवढेच, पण ते फार खटकते.

आवृत्ती_पहिली

वकीलताईंनी कायदा उत्तम सांगितला, पण शेवटच्या परिच्छेदावर मला आक्षेप नोंदवायचा आहे. मी मराठी पुस्तकांचा प्रकाशक आहे, लहान. आमच्याकडे ललितेतर पुस्तकाची आवृत्ती आता पाचशे प्रतींची निघते आणि ती संपायला तीन-चार वर्षे लागतात. गेल्या वर्षी एका संशोधकाचे ३४० पानांचे पुस्तक काढले. बाराव्या दिवशी एका संदेश-ॲपवरच्या समूहात त्याची पीडीएफ फिरू लागली. कुणीतरी टेबलावर पुस्तक उघडून मोबाइलने पानन्‌पान टिपले होते आणि प्रत्येक डाव्या पानाच्या कोपऱ्यात त्या गृहस्थांचा अंगठा दिसत होता. लेखक मला म्हणाले, सात वर्षे मी दफ्तरखान्यात बसलो आणि माझ्या वाट्याला हा अंगठा आला. समूह चालवणाऱ्यांना विनंती केली, तर ‘ज्ञान सर्वांसाठी असते’ असे उत्तर मिळाले आणि खाली चाळीस जणांनी हात जोडले.

आता सांगा, मी न्यायालयात जायचे तर वकिलाची पहिली फीच त्या आवृत्तीच्या नफ्यापेक्षा जास्त होते. ज्या कागदाला ताई स्वस्त म्हणतात, तो स्वस्त आहे म्हणूनच आमच्यासारख्यांना परवडतो. तक्रार केली, तिसऱ्या दिवशी ती फाइल गेली. दुसऱ्या नावाने परत आली, पुन्हा तक्रार केली. उद्या कुणी म्हणाले की न्यायालयाच्या आदेशाशिवाय काहीच उतरवायचे नाही, तर मोठ्या कंपन्यांचे काही बिघडणार नाही, त्यांच्याकडे वकिलांचे ताफे आहेत. मरेल तो पाचशे प्रतींवाला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा खटला २०१६ मध्ये प्रकाशकांच्या विरुद्ध गेला, तेव्हाही टाळ्या वाजवणाऱ्यांना आम्ही दिसलो नव्हतो. निकाल शिक्षणासाठीच्या तरतुदीचा होता आणि तो मी समजू शकतो, पण त्यानंतर ‘झेरॉक्सला न्यायालयाने परवानगी दिली आहे’ असे मला तोंडावर सांगणारे लोक कादंबऱ्यांच्या प्रती काढत होते.

तबकडीवाल्यांना मी चोर म्हणत नाही. एक्कावन्न सेकंद आणि ३४० पाने यांतला फरक मला कळतो, आणि पेटीचा भाता हलत नसेल तर ते दाखवलेच पाहिजे. पण अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द आला की अंगठेवालेही त्याच रांगेत येऊन उभे राहतात, म्हणून हे लिहिले.

दावा_दरखास्त

आक्षेप मान्य, आणि माझे वाक्य अपुरे होते. नोटीस स्वस्त असावी, याला माझी हरकत नाही. ती खोटी असली तरी देणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही, याला आहे. गंमत म्हणजे आपल्या कायद्याने यावर बरा तोडगा काढलेला आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम काढून पाहा. तक्रारदाराने आपण हक्काचे मालक किंवा एकमेव परवानाधारक आहोत हे दाखवायचे, हा वापर कलम ५२ मध्ये बसत नाही हेही त्यानेच दाखवायचे, आणि २१ दिवसांत दावा दाखल करून न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी लिहून द्यायची. मंचाने ३६ तासांत मजकुराची वाट बंद करायची, पण २१ दिवसांत आदेश आला नाही तर ती पुन्हा खुली करता येते. नियमाची भाषा क्षणिक किंवा आनुषंगिक साठवणुकीची आहे, त्यामुळे व्हिडिओ कायमचे ठेवणाऱ्या मंचाला तो जसाच्या तसा लागतो का, यावर वाद घालता येईल. तरीही तक्रारदाराकडून कायद्याची अपेक्षा काय आहे, हे दाखवायला तो उत्तम आहे.

पुस्तकाची सगळी ३४० पाने फिरवणाऱ्याविरुद्ध ही माहिती लिहून द्यायला आपल्याला दहा मिनिटे लागतील. परीक्षणाविरुद्ध ‘हे कलम ५२ मध्ये बसत नाही’ असे लिहिताना मात्र सही करणाऱ्याचा हात थोडा थबकायला हवा. आजची अडचण ही आहे की परदेशी मंच आपला छापील अर्ज पुढे करतात आणि त्यात हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

तबकडीवाले, तुमच्यासाठी आणखी दोन गोष्टी. कलम ६० मध्ये निराधार धमकीविरुद्ध दावा लावता येतो. धमकी निराधार असल्याचे जाहीर करून घेता येते, मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. समोरच्याने वेळेत हक्कभंगाचा दावा लावून तो नेटाने चालवला, तर हे कलम गळून पडते. असा दावा जिल्हा न्यायालयात चालतो आणि धमकीचा ईमेल तुम्हाला मिरजेत मिळाला आहे, तेव्हा सांगलीला तो लावता येईल असा युक्तिवाद मी तरी करेन. दुसरी गोष्ट थोडी घाबरवणारी आहे, पण सांगितलीच पाहिजे. जाणूनबुजून केलेला हक्कभंग हा कलम ६३ खाली गुन्हाही आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला आहे. तुमचे परीक्षण त्यात येत नाही असे माझे मत आहे. पण परवाना शुल्काच्या ईमेलमध्ये ‘फौजदारी कारवाई’ हे शब्द असतील, तर ते कुठून आले आणि लोक त्यांना का बिचकतात, हे यावरून कळेल.

सनीव्हेलकर

इथे कॅलिफोर्नियात मी अशाच एका मंचाच्या तक्रार-विभागासाठी काही वर्षे काम केले आहे (कुठल्या ते सांगत नाही), म्हणून अमेरिकेच्या बाजूची थोडी भर घालतो. मंचाचा छापील अर्ज येतो तो अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातून. त्यात तक्रारीला उत्तर म्हणून ‘प्रतिनोटीस’ देता येते. ती दिल्यावर तक्रारदाराने दावा लावला नाही, तर मंचाने साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत ठेवायचा असतो. ऐकायला सोपे वाटते. पण प्रतिनोटिशीत स्वतःचे खरे नाव, पत्ता आणि दूरध्वनी द्यावा लागतो, तो तक्रारदाराकडे जातो, आणि अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला तिथल्या संघीय न्यायालयाची कक्षा मान्य असल्याचे लिहून द्यावे लागते. मिरजेच्या माणसाने पेटीच्या भात्यासाठी कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाला मान तुकवायची, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींच्या मानाने प्रतिनोटिसा अगदी थोड्या येत, आणि त्याचे कारण प्रत्येक वेळी तक्रार खरी होती असे मुळीच नव्हते.

खोटी तक्रार करणाऱ्यावर तिथेही दावा लावता येतो. एका आईने नाचणाऱ्या तान्ह्या मुलाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ २००७ मध्ये चढवला होता, मागे एक प्रसिद्ध गाणे अस्पष्ट वाजत होते, आणि युनिव्हर्सल कंपनीने तो उतरवायला लावला. त्या लेन्झ खटल्यात अपील न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले की तक्रार करण्यापूर्वी हा वापर न्याय्य आहे का, याचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे. मात्र प्रामाणिकपणे, चुकीचा का होईना, विचार केला असेल तर पुरे. त्यामुळे ती तलवार म्यानातच राहते.

तबकडीबाबत एक धक्का देतो. भारतात ती मोकळी असेल, पण अमेरिकेने २०१८ मध्ये केलेल्या कायद्याप्रमाणे १९२३ ते १९४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना प्रसिद्धीपासून १०० वर्षे संरक्षण आहे. आपली तबकडी १९३२ ची असेल, तर ती इथे २०३२ संपेपर्यंत मोकळी नाही. म्हणून क्लेम नाकारताना ‘जगभर’ म्हणू नका, ‘भारतापुरता’ म्हणा. देशानुसार दाखवण्याची सोय मंचांकडे असते. माझ्या आईला सनीव्हेलमध्ये बालगंधर्व ऐकू येणार नाहीत, एवढेच काय ते वाईट.

ग्रंथपाल_नांदेड

मुदतीचा विषय निघालाच आहे म्हणून एक अनुभव सांगते. आमच्या वाचनालयात दर डिसेंबरमध्ये बाबासाहेबांच्या लेखनाचे वाचन होते आणि मुले त्याचे व्हिडिओ करून टाकतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळे झाले, हे आम्हाला ठाऊक होते. पण कलम २४ असे सांगते की लेखकाच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे त्या प्रसिद्धीनंतर मोजायची. म्हणजे राज्य शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या चौथ्या खंडात प्रथमच छापलेले ‘रिडल्स इन हिंदुइझम’ अक्षरशः पाहिले तर २०४७ संपेपर्यंत संरक्षित आहे. त्यातले उतारे वाचून त्यांवर बोलायला कुणाची हरकत असू नये, तिथे समीक्षेची सवलत आहेच. पण संपूर्ण प्रकरण वाचून ठेवायचे का, यावर आमच्या समितीत दोन बैठका झाल्या आणि शेवटी मुलांनी उतारे आणि चर्चा असा कार्यक्रम केला. खरे सांगायचे तर तो कार्यक्रम नुसत्या वाचनापेक्षा चांगला झाला, पण तो निर्णय आम्ही आवडीने घेतला की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही.

वकीलताईंना एक विचारायचे होते. विडंबनाला आपल्याकडे संरक्षण आहे का?

दावा_दरखास्त

कलम ५२ मध्ये ‘विडंबन’ हा शब्द नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये तो आपल्या कायद्यात घातला. आपल्याकडे ते ‘टीका’ या शब्दाच्या आडोशाने उभे राहते, आणि केरळच्या प्रतिनाटकाचा खटला हा त्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या मुंबईतल्या कार्यक्रमातील विडंबनगीताच्या व्हिडिओवर टी-सीरीजने कॉपीराइटची कारवाई केली. विडंबन आणि उपहास कायद्याला मान्य आहेत असे कामरांचे म्हणणे होते, तर मूळ गीताच्या वापराची परवानगी घेतलेली नाही असे कंपनीचे. कुणाचे राजकारण पटते हा भाग वेगळा ठेवू, पण मूळ चालीशिवाय विडंबन ओळखू येत नाही, ही त्या कलाप्रकाराची अट आहे. केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, रविकिरण मंडळाच्या कवींची वृत्ते आणि लकबी उचलल्या नसत्या, तर हसायला काही उरलेच नसते. संसदेने तो एक शब्द घातला तर बरेच वाद कमी होतील.

तबकडीवाला_मिरज

सर्वांचे मनापासून आभार. स्ट्राइकला उत्तर म्हणून पुढील मसुदा केला आहे, कृपया पाहावा:

“मी हा व्हिडिओ केवळ शैक्षणिक हेतूने केला असून त्यातून नफा मिळवण्याचा माझा उद्देश नाही. दृश्यांचे सर्व हक्क मूळ मालकांचे आहेत आणि कॉपीराइटचा भंग करण्याचा माझा हेतू नव्हता. दृश्ये निर्मात्यांच्या जाहीर ट्रेलरमधून घेतली आहेत. कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.”

दावा_दरखास्त

पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य काढून टाका. ‘भंग करण्याचा हेतू नव्हता’ याचा अर्थ समोरचा वकील ‘भंग झाला, पण नकळत’ असाच लावील. ‘शैक्षणिक’ हा शब्द तुम्हाला दुसऱ्याच खंडात नेतो, जिथे शिक्षक आणि विद्यार्थी लागतात. सहानुभूती तर मुळीच मागू नका, तुम्ही उपकार मागत नाही. असे लिहा: “हा व्हिडिओ नमूद चित्रपटाची समीक्षा आहे. २२ मिनिटांपैकी ५१ सेकंदांची दृश्ये निर्मात्यांच्या जाहीर ट्रेलरमधून, ज्या मुद्द्यावर टीका केली आहे तोच मुद्दा दाखवण्यासाठी वापरली आहेत. प्रत्येक दृश्याची वेळ आणि त्यावरील टीकेची वेळ सोबत जोडली आहे. हा वापर कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ५२(१) मधील पहिल्या खंडानुसार हक्कभंग ठरत नाही.” सातही तुकड्यांचा तक्ता करा. कुठल्या तुकड्यावर तुम्ही काहीच बोललेला नाहीत असे तक्ता करताना आढळले, तर तो मात्र खरोखर काढा.

आवृत्ती_पहिली

तो तक्ता करताना माझी मदत हवी असेल तर कळवा. मुद्रितशोधनात आयुष्य गेले, सेकंद मोजायला बरा उपयोगी पडेन.

तबकडीवाला_मिरज

तक्ता केला. सातपैकी एक तुकडा, नायिकेचा नदीकाठचा, खरोखरच शोभेसाठी होता, तो काढणार आहे. तबकडीचा क्लेम भारतापुरता आज मागे घेतला गेला. चित्रपटाच्या स्ट्राइकवर उत्तर पाठवले आहे आणि परवाना शुल्क भरणार नाही, असेही स्वतंत्र ईमेलने कळवले आहे.

दरम्यान वाहिनीवर काहीतरी असावे म्हणून एक छोटा व्हिडिओ केला. त्यात माझीच पेटी समोर घेतली, भाता दाबून धरला आणि उजव्या हाताने त्या मैफलीतल्या पट्ट्या दाबून दाखवल्या. अर्थातच आवाज आला नाही. भाता न हलता पेटी वाजत नाही, हे पाहणाऱ्यांना कळले. चित्रपटात तो हलला नव्हता, हे मात्र त्यांना माझ्या शब्दावर मानून घ्यावे लागले, आणि खाली दोघांनी लिहिलेच, “काका, पुरावा दाखवा.”